घोळीची वेलांटी

४ जुलै

राजेश्री मॅडम म्हणाल्या, प्रकल्प करणाऱ्यानं टिपणवही ठेवावी. ती ठेवलीय, तिच्यात पानांची लांबी-रुंदी. ही दुसरी वही माझी. ही पिठाच्या डब्यामागं राहील, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

मी दैवशाला, वय एकोणचाळीस. देवगाव फाट्यापासून सात किलोमीटर आत, वाघळगव्हाणात आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी नवऱ्याच्या नावावर आणि पीठ माझ्या अंगावर. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली आणि लग्न झालं, तिसरं वर्ष एकोणीस वर्षं तसंच पडून राहिलं. यंदा लेक भक्ती नांदेडला शिकायला गेली आणि मी जेवताना विषय काढला. हे म्हणजे बालाजी, माझे मालक. दोन भाकरी संपवल्या आणि मग म्हणाले, एक वर्ष कर. एकच. नापास झालीस तर पुन्हा नाव काढायचं नाही. मी हो म्हणाले आणि मोरीत जाऊन एकटीच हसले.

परभणीच्या कॉलेजात नाव घातलंय, आठवड्यातून दोनदा जायचं. वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पात नापास तर वर्षच नापास. वर्गातल्या पोरींनी हळद, कोरफड, तुळस असे विषय घेतले. मी घोळ घेतली, रानात आपोआप उगवणारी पालेभाजी. मॅडमनी विचारलं, घोळच का? मी म्हणाले, एकोणीस वर्षं खुरपून फेकतेय, एकदाही तिचं तोंड नीट पाहिलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "उपटून टाकायच्या गवताचा अभ्यास? मंग उकंड्याचाबी घे." त्यांचं नाव बायनाबाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण मत सगळ्यावर आहे.

१० जुलै

आज मी घोळीचं फूल उमलताना पाहिलं. साडेनऊला उन्हाची तिरीप पडली आणि दहा मिनिटांत पाच पिवळ्या पाकळ्या सपाट झाल्या. खाली दोन हिरवी दलं. त्याच्या शेजारी पिकलेलं फळ होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. नख लावलं तर वरचं टोपण अलगद निघून आलं, कुंकवाच्या करंड्याचं निघावं तसं, आणि आत काळ्याभोर बियांचा गच्च ढीग. खसखशीपेक्षा बारीक. भिंगाखाली प्रत्येक बी शंखासारखी वळलेली. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या सोयाबीनमध्ये खुरपणारी कासाबाई साप साप करत विळा घेऊन धावली.

बाराला फुलं मिटली. म्हणजे ही बया नेमकी गिरणीच्या गर्दीच्या वेळी उमलते. धापा टाकत परत आले तर सासूबाईंनी गिरणी सुरू करून सात डबे दळून ठेवले होते. गिऱ्हाइकांसमोर मला खजील करायचं, दुसरं काय.

१५ जुलै

दोन घोळी पक्क्या झाल्या. मोठी घोळ म्हणजे पोर्टुलाका ओलेरॅसिया, जाड लालसर देठ, पळीसारखी पानं, पाच पाकळ्या. बारकी ती चिवळ, पोर्टुलाका क्वाड्रिफिडा, जमिनीला चिकटून पसरते, पेरापेराला मुळ्या, पानाच्या बेचक्यात पांढरे केस आणि पाकळ्या फक्त चार. दोन्ही भाज्या मी हजारदा निवडल्यात. चार पाकळ्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

आज एक गंमत झाली. सकाळी सातला घोळ खुडून आणली तर सासूबाई म्हणाल्या, "सकाळची आंबट असती. डाळीत घालायची तर आत्ता खुड, लेकरासाठी पायजे तर सांच्याला." मी मनात म्हटलं, आता भाजीलाही घड्याळ आलं. पण सकाळचं एक पान चावलं आणि संध्याकाळचं एक, तर खरंच, सकाळचं चिंचेसारखं आणि संध्याकाळचं सपक. कॉलेजच्या पुस्तकात शोधलं. रात्री पानं हवा आत घेतात आणि तिचं आम्ल करून साठवतात, दिवसभरात ते खर्चून टाकतात. अशी झाडं थोडीच आहेत, हे पुस्तकात दोन पानं भरून दिलंय. सासूबाईंना मी ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच म्हनायले मी."

ह्यांना घोळीची भाजी वाढत नाहीत, कारण ह्यांना मुतखडा झाला होता. घोळीनं खडा वाढतो, तेही पुस्तकात आहे. पण आमच्या घरात हा नियम पुस्तकाच्या आधीपासून आहे.

२४ जुलै

नमुने वाळवायचं काम माझ्या डोक्यावर बसलंय. वनस्पती वर्तमानपत्रात ठेवायची, वर फळी, फळीवर वजन, आठ दिवसांत वाळून कागदासारखी होते. मी वजन म्हणून गव्हाचं अर्धं पोतं ठेवलं होतं. आज उघडून पाहते तर मोठी घोळ जिवंत. नुसती जिवंत नाही, तिनं आत पडल्या पडल्या फळं पिकवली, टोपणं उडवली आणि बिया सांडल्या. पिकविम्याच्या बातमीवर काळी रांगोळी पडली होती.

मी कपाळाला हात लावला. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. कुणाकडे न पाहता म्हणाल्या की आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढली असती तर एवढं झालं नसतं. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? पण बुडवून ठेवली तर आता छान सपाट होतेय.

२९ जुलै

काय लिहू आणि कसं लिहू.

ग्रामपंचायतीच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या ओहोळापाशी, तिसरी घोळ सापडली. जाड मांसल पानं, लालसर देठ, जमिनीवर पसरलेली, सगळं घोळीचं. पण फूल गुलाबी. फिकट गुलाबी, पानाच्या काखेत अर्धं लपलेलं. गुलाबी फुलाची रानटी घोळ माझ्याजवळच्या पुस्तकात नाही. दोनदा पानं उलटून पाहिलं. नाहीच.

भिंग विसरले होते, पण पाच पाकळ्या साध्या डोळ्यांनी मोजल्या. मॅडमला फोटो पाठवला. त्या ट्रेनिंगला गेल्यात, तिकडून उत्तर आलं : फोटो अस्पष्ट आहे, पानांची मांडणी बघा, फुलाखालची दोन दलं शोधा, घाई नको. मी अंगठा पाठवला. एवढी मोठी गोष्ट आणि मॅडमना दलं हवीत.

घरी आले आणि सासूबाईंपुढं फांदी नाचवली. त्यांनी भाकरी थापता थापता एकदा पाहिलं.

"ती घोळ न्हाई. वसू हाय."

मी म्हणाले, गावात सगळे हिला घोळच म्हणतात. म्हणाल्या, "गावात लय जन लय काय म्हन्तेत." एवढंच, आणि भाकरी उलटली. नव्या जातीला नाव काय द्यायचं हे मी ठरवून टाकलंय : पोर्टुलाका वाघळगव्हाणेन्सिस. मोठ्यानं म्हणून पाहिलं, कुत्रं उठून गेलं.

१ ऑगस्ट

मॅडम महिनाभर नाहीत. तज्ज्ञाकडून खातरी तर हवी. म्हणून आज तालुक्याला पंचायत समितीच्या कार्यालयात अर्ज दिला, शेतीचे अधिकारीही तिथंच बसतात. आवक-जावकच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं की थोडक्यात लिहा, साहेबांना वेळ नसतो. म्हणून जे सगळ्यांना माहीतच आहे ते गाळलं. घोळ ही वनस्पती आहे हे शेतकऱ्यांच्या तालुक्यात कुणाला शिकवायचं?

आणखी एक. घरात आम्ही ती घोळ, घोळीची भाजी असं म्हणतो. सरकारी कागदावर ते गावंढळ दिसलं असतं. म्हणून मी सगळीकडे तो घोळ, घोळाची, असं शुद्ध करून लिहिलं. अर्ज इतका चांगला झालाय की इथं उतरवून ठेवते.

"विषय : मौजे वाघळगव्हाण येथील घोळाची प्रत्यक्ष पाहणी होणेबाबत.

महोदय, मी गेल्या महिनाभरापासून गावातील घोळाचा बारकाईने अभ्यास करीत आहे. आतापर्यंत तीन प्रकारचे घोळ माझ्या निदर्शनास आले असून पैकी दोन गावात सर्वांना माहीत आहेत. तिसरा मात्र नवीन असून तो ग्रामपंचायत कार्यालयाच्या मागील बाजूस झपाट्याने पसरत आहे. त्याची मुळे खोलवर गेली आहेत. सर्व नमुने मी वर्तमानपत्रांत ठेवले आहेत. तरी तज्ज्ञ अधिकाऱ्यांनी समक्ष येऊन खातरी करावी, ही नम्र विनंती."

खिडकीवरच्या माणसानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि उठून आत गेला. परत आला तो "बसा ताई, चहा घ्या" म्हणत. सरकारी कार्यालयात मला पहिल्यांदाच कुणी चहा दिला. विज्ञानाला अजून मान आहे.

८ ऑगस्ट

गावाला काय झालंय कळत नाही, पण चांगलं झालंय. तीन वर्षं बंद असलेला चौकातला दिवा लागला. अंगणवाडीला नवा वजनकाटा आला. रेशनच्या दुकानावर भावफलक लटकला. पाण्याची टाकी आतून धुतली, आणि तिच्यातून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही.

सरपंच रायभान आमच्या भावकीतलेच, ह्यांचे चुलत भाऊ. एरवी दळण त्यांच्याकडचा गडी आणतो. आज स्वतः डबा घेऊन आले. डबा अर्धाच भरलेला. म्हणाले, "वैनी, तुमी लय लिवायला लागल्या म्हनं." मी म्हणाले, हो, लिहिल्याशिवाय पुढं कसं जाणार, आणि अजून बरंच बाहेर यायचंय. ते पीठ न घेताच गेले. माणूस कामाच्या ओझ्यानं थकलाय बिचारा.

उद्या-परवा साहेब येणार असा निरोप आलाय. मी नमुन्यांच्या फळ्या पुसून ठेवल्या, साडी इस्त्रीला दिली. झोप येत नाही.

१२ ऑगस्ट

सगळं संपलं.

सकाळी तिसऱ्या घोळीला फळं धरली का बघायला गेले तर ग्रामपंचायतीच्या मागं नुसती तासलेली जमीन. चुना मारलेल्या विटांची रांग आणि मध्ये बोर्ड, स्वच्छ ग्राम. साहेब येणार म्हणून रायभान भाऊजींनी सहा बाया लावून काल सगळं आवार खरवडून घेतलं. मोठी घोळ, चिवळ, माझी गुलाबी, सगळं गाडीत भरून गावाबाहेरच्या उकिरड्यावर. माझ्याकडे एक फांदी आहे, ती दाबताना काळी पडली.

घरी येऊन रडले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि गिरणीत गेल्या.

१३ ऑगस्ट

साहेब आले. झाड नाही तर नाही, निदान नमुने दाखवू म्हणून मी फळ्या बांधून घरीच बसून राहिले. ते अकरालाच आले, पण सोबत दोन कारकून आणि रजिस्टरांची थप्पी. दीड वाजेपर्यंत कार्यालयाचं दार बंद. मग शिपाई आला, अर्जदार बाईंना बोलावलंय.

आत गेले तर रायभान भाऊजी घामानं भिजलेले आणि ग्रामसेवक भिंतीला टेकलेला. साहेब म्हणाले, रजिस्टरं तर ठीक दिसतायत, तुमच्याकडचे नमुने काढा. मी फळ्या सोडल्या, वर्तमानपत्र उघडलं आणि मोठी घोळ त्यांच्यासमोर ठेवली. मग चिवळ ठेवली. कारकुनानं वाकून त्या पानावरची बातमी वाचायला घेतली. साहेबांनी खिशातून माझा अर्ज काढला, पुन्हा वरपासून वाचला, भाजीकडे पाहिलं.

"हा घोळ?"

"हो साहेब. पोर्टुलाका ओलेरॅसिया."

माझ्या मागं सासूबाई येऊन उभ्या होत्या, मला माहीतही नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, ती घोळ म्हन. तो घोळ म्हनल्यावर सायेब येनारच की."

मला तेव्हा समजलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घोळीची असं लिहिलं असतं तर एक वेलांटी पुरली असती. मी काना दिला आणि गावाची चौकशी लावली. साहेब हसले, हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. पण आलेल्या अर्जावर अहवाल द्यावाच लागतो. त्यांनी मागं जाऊन तासलेली जमीन पाहिली आणि तिथंच उभ्यानं लिहिलं : अर्जात नमूद ठिकाणी समक्ष पाहणी केली असता कोणताही घोळ आढळून आला नाही.

म्हणजे माझ्या प्रकल्पाच्या गावात घोळ नाही, हे आता सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालंय. भाऊजींनी त्याची झेरॉक्स काढून बोर्डावर लावली.

संध्याकाळी ह्यांनी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, आता ती पुस्तकं गुंडाळून ठेव. चूक माझीच होती. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "एक साल म्हनला होतास का न्हाई तू? साल सरलं का?" ह्यांनी मग चपला काढल्या.

१९ ऑगस्ट

सकाळी सासूबाई म्हणाल्या, उकंड्यावर जाऊन ये. मला वाटलं शेण टाकायचंय, पाटी उचलली. म्हणाल्या, पाटी ठेव, भिंग घे.

आठ दिवस कडक ऊन होतं, पावसाचा टिपूस नाही. उकिरड्यावर तो खरवडलेला ढीग तसाच. वरचं गवत वाळून पिवळं झालेलं. आणि त्या वाळक्या ढिगात मोठी घोळ हिरवीगार, मुळं आभाळाकडे आणि शेंड्याला फूल उमललेलं. पिवळं. बाजूला चिवळीनं खतात नव्या मुळ्या सोडलेल्या. माझी गुलाबी शोधली. ढीगभर होती, पण वाळून कोळसा झालेली, हातात घेतली की चुरा.

सासूबाई मागून काठी टेकत आल्या होत्या. काठीनं चुरा ढकलून म्हणाल्या, "घोळ असती तर मेली नसती."

मी तिथंच उकिरड्यावर बसले. वाळकी फांदी भिंगाखाली धरली. पानांच्या देठांच्या खुणा जोडीजोडीनं, आणि प्रत्येक जोडीत एक पान मोठं, एक लहान. फुलाखाली दोन दलं नाहीत. ज्यांना मी पाकळ्या म्हणत होते त्या पाकळ्याच नव्हेत. मॅडमनी नेमकं हेच बघायला सांगितलं होतं. घरी येऊन दुसऱ्या कुळाचं प्रकरण उघडलं, आणि तिथं ती होती : वसू, ट्रायअँथिमा पोर्टुलाकॅस्ट्रम. शेवटच्या शब्दाचा अर्थच घोळीसारखी दिसणारी. म्हणजे नाव देणाऱ्यालाही ती घोळीसारखीच दिसली होती, पण तो फसला नाही, मी फसले.

पोर्टुलाका वाघळगव्हाणेन्सिस गेली. आणि मला वाईट वाटत नाहीये, उलट दिवसभर मी वेड्यासारखी इकडून तिकडं पळतेय. उपटून आठ दिवस उन्हात टाकलं की घोळ कोणती आणि वसू कोणती हे कळतं, ही कसोटी माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. प्रकल्पाचं नाव बदललं : दोन घोळी आणि एक वसू. सासूबाईंनी दुपारी ओहोळाच्या खालच्या अंगाची ताजी वसू आणून दिली, ओल्या फडक्यात, फुलाफळांसकट. कधी गेल्या, कशा गेल्या, विचारलं तर म्हणाल्या, शेळीला पाला आणायला गेले होते. आमच्याकडे शेळी नाही. होती ती भक्तीच्या बारशाच्या साली विकली.

मग मागची पानं वाचून काढली. सात डबे दळून ठेवले होते ते, उकळत्या पाण्याचं ते, पाण्याचा तांब्या. मला स्वतःच्या अकलेची लाज वाटली.

९ सप्टेंबर

मॅडम परत आल्या, प्रकल्प पाहिला, ढिगाची गोष्ट दोनदा ऐकली आणि म्हणाल्या की हे सविस्तर लिही. पण नमुने याच गावच्या शिवारातले आहेत असा सरपंचाच्या सही-शिक्क्याचा दाखला हवा. तीस तारखेच्या आत. दाखला नाही तर प्रकल्प तोंडी परीक्षेला जात नाही.

दाखला लिहून भाऊजींकडे गेले. त्यांनी पहिली ओळ वाचली, कागद पाटावर ठेवला आणि लांब सरकले.

"घोळ हाय म्हनून मी सही करू? अन् त्यो बोर्डावरचा कागद काय म्हन्तोय?"

मी वेलांटी दाखवली. घोळीची लिहिलंय भाऊजी, घोळाची नाही. ते म्हणाले, काना असो का वेलांटी, तो शब्द असलेल्या कागदावर त्यांचा शिक्का बसणार नाही. दोनदा गेले, दोनदा तेच. चूक माझी, त्यांनी दोन आठवडे धास्तीत काढले, मी कुठल्या तोंडानं भांडू? ह्यांनी मध्ये पडायला नकार दिला. एकवीस दिवस उरलेत.

१७ सप्टेंबर

आज सुचलं. दळताना, चाळणीवर हात असताना सुचलं आणि मी गिरणीच बंद केली. कमलबाईचं दळण अर्ध्यात राहिलं, ती बडबडत बसली.

विशीत असताना ती लांबलचक शास्त्रीय नावं मी पोपटासारखी पाठ केली. कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज कळलं. याचसाठी. परभणीत घोळ, दुसऱ्या गावात चिवळीलाच घोळ, आमच्याकडे वसूलाही घोळ, आणि कार्यालयात गेलं की घोळ म्हणजे भानगड. ते एक नाव असं आहे की कुठल्याही गावात, कुठल्याही टेबलावर त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. मला उड्या माराव्याशा वाटल्या, आणि थोड्या मारल्याही.

नवा दाखला लिहिला : सदर विद्यार्थिनीने पोर्टुलाका ओलेरॅसिया, पोर्टुलाका क्वाड्रिफिडा व ट्रायअँथिमा पोर्टुलाकॅस्ट्रम या वनस्पतींचे नमुने मौजे वाघळगव्हाण शिवारातून गोळा केले आहेत.

भाऊजींनी विचारलं, ह्यात ते नाही ना? मी म्हणाले, नाही. एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, अंगणातल्या माणसांना ऐकू जाईल असं. सही केली. शिक्का दोनदा मारला, एक जरा तिरका.

"लय भारी चीज दिसती वैनी. खरंच आपल्या गावात हाय?"

"तुमच्या कार्यालयाच्या मागंच होती."

"मंग काढली कोन?" ते खरोखर रागावले होते. मी कागदाची घडी घातली आणि निघाले.

७ ऑक्टोबर

आज तोंडी परीक्षा झाली. आम्ही दोघी आत्ताच परत आलो, पाय धुवायच्या आधी लिहितेय.

सासूबाई सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, परभणीला डोळे दाखवायचेत. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या, मांडीवर भाकरीची पिशवी.

बाहेरून आलेले परीक्षक खूप अभ्यासलेले, केस पिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी नमुन्यांचे कागद एकेक करून पाहिले. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते, तिच्यावर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि ओळख कुणी पटवली ते. वसूच्या कागदावर ते थांबले. मॅडमकडे पाहिलं, मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"ह्या बायनाबाई कोण? कोणत्या संस्थेत असतात?"

"बाहेर बाकावर आहेत, सर."

मी उकिरड्याची सगळी गोष्ट सांगितली. माझी चूकही सांगितली, नव्या नावासकट. सर हसले नाहीत. म्हणाले, त्यांना आत बोलवा.

सासूबाईंनी दाराबाहेर चपला काढल्या. आत बोलावलं म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच त्यांना वाटलं असणार, कारण कुणी काही विचारायच्या आधीच त्यांनी हात जोडले.

"सायेब, हिचे कागद बराबर हायेत. चूक असंल ती मपली हाय. एका चुकीपायी हिचं साल घालू नका. एकोनीस सालं माज्या घरात गेली हिची."

एकोणीस वर्षं मी मोजत होते, मला वाटायचं एकटीच मोजतेय.

सर उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढं केली. सासूबाई काही बसल्या नाहीत. मग सरांनी खिडकीतली कुंडी टेबलावर ठेवली. ऑफिस टाइमचं झाड, बागेतलं, बारीक सुईसारखी पानं आणि वाटीएवढी राणी रंगाची फुलं. विचारलं, आजी, हे काय असेल? मला उत्तर माहीत होतं, पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, पण मी ओठ दाबून धरले. आमच्या गावात हे झाड कुणाकडेच नाही. सासूबाईंनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. पान चुरगळलं, कांडं वाकवून मोडलं, बेचक्यातले केस डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, बराच वेळ लावला.

"नटलीय लय," त्या म्हणाल्या. "पन हाय घोळीचीच."

सरांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मॅडमच्या पुढं सरकवला. मॅडमनी वाचून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पास. चांगली पास.

डोळे दाखवायचे राहिले. आठवण केली तर म्हणाल्या, बरे हायेत. एस.टी.त जागा मिळाली. वसूच्या नमुन्याची दुसरी प्रत माझ्या पिशवीत होती. त्यांनी ती मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "ह्यात मपलं नाव कोनतं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी आपलं बोट आधी वर छापलेल्या कॉलेजच्या नावावरून फिरवलं, मग खाली आपल्या नावावरून, मग पुन्हा वर.

"लय बारीक लिवलंस गं," त्या म्हणाल्या.